जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी घरच्या घरी रिस्टोअर करता येईल का? इंजिन जाम आहे, मेकॅनिक मारुतीचं इंजिन टाकायला सांगतोय. खर्च किती येईल?

करता येईल. मारुतीचं इंजिन मात्र टाकू नका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण उत्तर लांबणार आहे.

तुम्ही साताऱ्यात राहता, दोन दारांची १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड मिळतेय, गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे आणि मेकॅनिकने ‘ब्लॉक गेला, दुसरं इंजिन बसवू’ असं सांगितलंय. अगदी हेच वाक्य मी सांगलीत, गावभागातल्या आमच्या अंगणात उभा राहून ऐकलंय.

तुम्ही तिला स्पोर्ट्स कार म्हटलंय, त्यावर नाक मुरडणारे भेटतील. त्यांना सांगा की हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार १९६२ साली आली ती हेराल्डचीच चासी आखूड करून. दोन्हींचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्तीने काढलेला, इंजिन एकाच घराण्यातलं, पुढचं सस्पेन्शनही तेच. याचा तुम्हाला रोख फायदा आहे. स्पिटफायर जगभर खपली, तिचे शौकीन अजून भरपूर आहेत, त्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, सस्पेन्शनचे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ असं कोणी म्हणालं, तर त्याने शोधलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

आमची हेराल्ड वडिलांनी १९७४ साली एका डॉक्टरांकडून घेतली. वडील वकील. सांगलीचं कोर्ट, मिरजेचं कोर्ट, तासगावची तारीख, सगळीकडे हीच गाडी. ते गेल्यावर ती मागच्या शेडमध्ये उभी राहिली. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे, म्हणजे गावभागात काय झालं असेल ते सांगलीकराला सांगायला नको. रोजची गाडी आम्ही आधीच विश्रामबागला नेऊन ठेवली होती. हेराल्डचा क्लच गेलेला, ती हलणं शक्य नव्हतं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर स्टिअरिंगच्या वरपर्यंत गाळाची रेघ. डिपस्टिक काढली तर टोकाला पाणी आणि त्याच्यावर दुधाळ झालेलं तेल.

माझे दाजी साताऱ्याचेच. गाड्यांमधलं त्यांना कळतं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, कारण त्यांनी विलीज जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून ती शेतात वर्षानुवर्षं वापरली. ते जीपचं ठीक आहे, जीप कामाचं वाहन. पुरानंतर घर निस्तरून आम्ही जरा श्वास घेतोय तोच दाजी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीने क्रँकच्या पुलीला पाना लावला, पान्याला लांब पाइप अडकवला, दोन हिसके दिले आणि जाहीर केलं, “ब्लॉक गेला.” हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलं नाही, प्लगसुद्धा काढले नाहीत. मारुती ओम्नीचं इंजिन त्याने बघूनच ठेवलं होतं आणि दाजी त्याला आगाऊ पैसे देऊन मोकळे झाले होते. ओम्नीचं अशासाठी, की मारुती ८००चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. हेराल्ड मागच्या चाकांवर चालते. म्हणजे ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं मूळ इंजिन काढून ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं टाकायचं, आणि त्यासाठी माउंटिंग कापायची, गिअरबॉक्सवरचा पत्रा कापायचा, शाफ्ट कापून जोडायचा.

मी नको म्हटलं. दाजी म्हणाले, “अरे, गाडी पळाल्याशी मतलब. बॉनेट उघडून कोण बघतंय?”

हेराल्डच्या बाबतीत हे कोणी म्हणू शकतो याचं मला आजही आश्चर्य वाटतं. हिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही. मडगार्ड, हेडलाइट, सगळा पुढचा भाग एकसंध पुढे कलंडतो आणि इंजिन, स्टिअरिंग, दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन उघडं पडतं. तुम्ही पुढच्या टायरवर बसून, पाठ न वाकवता कार्बोरेटर उघडू शकता. जिचं पोटच असं उघडं ठेवलंय, तिच्यात परकं इंजिन टाकायचं?

मी सगळे प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल निम्मं-निम्मं ओतलं. रोज सकाळी टॉर्च लावून पातळी बघायची. तीन सिलिंडरमधली पातळी हळूहळू उतरत होती, म्हणजे द्रव रिंगांपर्यंत पोचत होता. तिसऱ्यातली ढिम्म. जाम कुठे आहे ते प्लगच्या भोकातूनच कळलं, पाइप न लावता. जाम इंजिनाला पाइप लावून हिसके देणाऱ्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. रिंगा तुटतात आणि जो ब्लॉक वाचणार असतो तोही चरे पडून जातो.

मग हेड. ट्रायम्फच्या या इंजिनाचं हेड काढताना खरी परीक्षा असते. नट सहज निघाले, पण हेड उचलेना. स्टड (ब्लॉकमधून हेडच्या आरपार येणारे आट्यांचे दांडे) आणि हेडच्या भोकांमधली फट केसाएवढी असते, ती गंजाने भरून गेली होती. इथे लोक फटीत पेचकस घालून उचकटतात, आणि हेडचा किंवा ब्लॉकचा घासलेला पृष्ठभाग कायमचा बाद करतात. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरने मला साधी युक्ती सांगितली. स्टडच्या मुळाशी गॅसची ज्योत धरून गरम करायचं आणि वरून मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून फटीत आपोआप ओढलं जातं. नंतर स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट करून खालच्या नटाला पाना लावायचा आणि स्टड अख्खा फिरवून काढायचा. बहुतेक निघाले. जे निघाले नाहीत त्यांच्या डोक्यावर तांब्याच्या हातोडीने रोज थोडं थोडं ठोकत राहिलो, एका जोरात नाही. एके दिवशी हेडखाली लाकडी ठोकळा सरकला, आणि त्यानंतर हेड हातांनी उचललं.

तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन जिथे थांबला होता तिथे गंजाचं कडं होतं. बाकीच्यांत नुसता पापुद्रा. ब्लॉकला कुठेही तडा नाही. लाकडी ठोकळा ठेवून पिस्टन खाली सरकवला, क्रँक फिरला. टर्नरने चारही सिलिंडर बोअर करून स्लीव्ह घातले आणि पुन्हा मूळ ६३ मिलिमीटरला आणले. क्रँक वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) घासला, त्या मापाचे बेअरिंग बसवले. पुराच्या गाडीसाठी एक खास सूचना: ब्लॉकमधल्या तेलाच्या नळ्यांची बुचं काढून आत बारीक ब्रश फिरवा. आमच्या नळ्यांतून कृष्णेचा काळा गाळ निघाला. तो राहिला असता तर नवे बेअरिंग चालू केल्या केल्या गेले असते. शिवाय हेड बाहेर आलंच आहे तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत, त्या शिशामुळे सीटची झीज कमी व्हायची, आणि ते पेट्रोल आपल्याकडे २०००पासून बंद आहे.

गाडी चालू झाली त्या दिवाळीत दाजी आले, बॉनेट पुढे कलंडवून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ओम्नीचं टाकलं असतंस तर मायलेज मिळालं असतं.” पन्नास वर्षांपूर्वीची गाडी मायलेजसाठी कोण ठेवतं? मायलेज हवं असेल तर नवी घ्यावी, यात वाद कशाला?

भावनेचं सोडा, कायद्याचं बघा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंतर नूतनीकरणाला ५ हजार. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. तुमच्या मेकॅनिकने ओम्नीचं इंजिन टाकलं की हा रस्ता बंद. मी याचा कागद प्रिंट काढून दाजींना दिला आहे.

त्याच मिस्त्रीची दुसरी कामगिरी सांगतो, कारण तुमच्या गाडीतही ती सापडणार. दाजींच्याच आग्रहावरून वडिलांच्या शेवटच्या काळात गाडीची सर्व्हिसिंग तो करायचा. हेराल्डच्या पुढच्या चाकांचे उभे लिंक खाली पितळी ट्रनियनमध्ये (आटे पाडलेल्या सांध्यात) आट्यांवर फिरतात. तिथे तेल घालायचं असतं, ९० नंबरचं गिअर ऑइल. निपल दिसलं की आपल्याकडचे मिस्त्री ग्रीस गन लावतात. ग्रीस आट्यांत नीट उतरत नाही, कालांतराने घट्ट होतं, पाणी अडकतं आणि लिंक आतून गंजतो. मग एक दिवस वळताना लिंक तुटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. आमचा डावा ट्रनियन उघडला तेव्हा आतलं ग्रीस मेणासारखं झालं होतं आणि आट्यांच्या खाचेत गंजाची तांबूस रेघ होती. लिंक आणि ट्रनियन दोन्ही बाजूंचे नवे मागवले. तुम्ही गाडी घेतलीत तर रंगाचा विचार करण्याआधी हे उघडा. दोन बाजूंचे आटे उलटसुलट असतात, डावा-उजवा मिसळू नका. बोल्टही इंची आट्यांचे आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा बोल्ट दाबून बसवणाऱ्याला गाडीपाशी उभं करू नका.

पत्र्याबद्दल थोडक्यात. हेराल्डची बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे घरी सुटी करता येते. तरीही चासी चांगली असेल तर बॉडी उचलू नका. दारांच्या फटी पुन्हा जुळवताना जीव जातो. चासीतून बाजूला निघालेले आडवे हात टोकदार हातोडीने ठोकून बघा. आवाज बसका आला तर तिथला पत्रा कापून नवा घालायचा. लांबी (पुटी) भरून झाकायचा नाही. लहान गंजके लोखंडी भाग मी मळीत (मोलॅसिसमध्ये) भिजवून साफ केले. आपला उसाचा पट्टा, पशुखाद्यवाल्याकडे मळी मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, पिंपात टाकायचं आणि आठवडा-दोन आठवडे विसरून जायचं. गंज सुटतो, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात घालू नका. वास भयंकर येतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

खर्च. पत्र्याची अवस्था बघितल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस खोटं बोलतो, म्हणून मी सांगत नाही. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पैसा पत्रा आणि रंगात गेला, इंजिनात नाही. बाहेरून मागवलेल्या भागांवर ड्युटी लागते, ती हिशोबात धरा. आणि सगळे पैसे एकदम काढून ठेवायची गरज नसते. घरी काम करण्याचा हाच फायदा, हातात पैसे नसले की काम थांबवता येतं. गॅरेजमध्ये थांबलेल्या गाडीचे भाग गायब होतात.

काही गोष्टी मी वर लिहिल्या नाहीत त्या आता लिहितो. विटांवर उभ्या केलेल्या गाडीखाली जाऊ नका, गाडी टेकवायचे स्टँड विकत घ्या. मेणबत्ती आणि ज्योतीचं काम टाकी, नळ्या आणि कार्बोरेटर काढून गाडीपासून लांब नेल्यावरच करा. प्लगमधून ओतलेलं डिझेलही आधी पूर्ण उपसून पुसून घ्या. जुन्या ब्रेक शू आणि क्लचमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यांची धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हार्डनर घातलेला रंग घरात फवारू नका, तो फुप्फुसाला वाईट आहे. ते काम बूथ असलेल्या पेंटरला द्या. ब्रेक स्वतः बसवलेत तरी जाणत्या माणसाकडून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्राम खराब होतात, ते सगळे बदला. व्हिंटेज नोंदणी घेतलीत तर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची परवानगी आहे. आणि तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे रॅली काढून कासला जाणारच. यवतेश्वरच्या घाटात उतरताना वळणावर जोरात ब्रेक मारू नका. हेराल्डच्या मागच्या अ‍ॅक्सलची रचना अशी आहे, की गाडीचा मागचा भाग एकदम हलका झाला की चाकं आत वळतात आणि पकड सुटते. वळणाआधीच वेग कमी करा.

पैसे देण्याआधी आरसी हातात घ्या आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा. जुळला, तर इंजिन जाम आहे या कारणावर भाव पाडून मागा. विकणाऱ्यालाही कोणीतरी सांगून ठेवलेलं असणार की ब्लॉक गेला.