मोले आणि पणजी एका मुक्कामातून? त्यापेक्षा जंगलाच्या दारातून गोव्यात या

तुमचा बेत थोडक्यात असा दिसतो: डिसेंबरात सांगलीहून स्वतःच्या गाडीने चार रात्रींसाठी, सोबत आई, 71 वर्षांचे वडील (गुडघ्यांचा त्रास) आणि 9 वर्षांचा मुलगा. किनारे दोनदा पाहून झालेत, म्हणून यंदा पणजी, जुनं गोवें आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. चारही रात्री पणजीत, आणि मधल्या एका दिवसात दूधसागर धबधबा, तांबडी सुर्ल्याचं देऊळ, येता येता मंगेशी. हे जमेल का, असं विचारलंय.

माझं स्पष्ट मत: नाही जमणार. गाडी सगळीकडे पोचेल, माणसं कुठेच पोचणार नाहीत.

मी फोंड्यात राहतो. दर हिवाळ्यात घाटावरचे पाहुणे याच बेताने येतात. सहा वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ सहकुटुंब आला होता, तेव्हा भिडेखातर मीही 'चला' म्हटलं. पणजीहून नऊला निघालो, कुळ्याला (दूधसागरच्या जीप इथून सुटतात) साडेअकरा वाजले. जीपसाठी रांग लागलेली. आमचा नंबर दोननंतर आला. धबधब्यापाशी जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि चालक परत बोलवायला लागला. तांबडी सुर्ल्याला पोचलो तेव्हा अंधार पडून फाटक बंद झालं होतं. आत्या, जिला देवळाचं दर्शन एवढंच हवं होतं, ती दिवसभर गाडीत बसून राहिली. मला रस्ता माहीत होता, वेळेचं गणित माहीत होतं, तरी मी बोललो नाही. म्हणून आता कुणी विचारलं की सविस्तर लिहितो.

मुळात तुम्ही बेळगाववरून येणार. बेळगाव, खानापूर, रामनगर, अनमोड घाट, आणि घाट उतरला की पहिलं गाव मोले. म्हणजे जंगल तुमच्या वाटेतच लागतं. ते ओलांडून साठेक किलोमीटर पुढे पणजीला जायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच मागे यायचं, हा उलटा प्रवास कशाला? पहिल्या दोन रात्री मोले-कुळे-साकोर्डा या पट्ट्यात काढा, पुढच्या दोन पणजीत. घाटाचा रस्ता पावसाळ्यात खचतो आणि दुरुस्त्या लांबतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तेवढी चौकशी करा.

पहाटे सांगली सोडलीत तर दुपारच्या जेवणाला मोले. थोडं लवंडून चारच्या सुमाराला तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला जा, मोल्याहून तेरा किलोमीटरच्या आसपास. देऊळ कदंबांच्या (गोव्याचं जुनं राजघराणं) काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, अभयारण्याच्या हद्दीत, सुर्ला नदीच्या काठावर. आपल्याकडे कोकण-गोव्यात जिकडेतिकडे जांभा चिरा, आणि हे देऊळ मात्र काळ्या दगडाचं. हा दगड इथला नाही, घाटमाथ्यावरून आणलेला, असं अभ्यासक सांगतात. चुना न वापरता शिळा एकमेकींत बसवल्यात. मुलाला एक काम द्या: मंडपातल्या खांबांच्या तळाशी बसून हत्ती शोधायचा. एका खांबावर हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय. वीतभर कोरीव काम आहे, पण घोड्याची वळलेली मान बोटाने चाचपता येईल इतकी ठसठशीत (चाचपू मात्र देऊ नका, हात लागून लागून दगड गुळगुळीत होतो). नंदीचं मस्तक नाही. शिखर अपुरं आहे. तरी कदंबकाळातलं एवढं धडधाकट दुसरं देऊळ गोव्यात उरलं नाही, आणि ते उरलं ते या रानामुळे. वडिलांना वाहनतळापासून थोडं चालावं लागेल, पण वाट सोपी आहे. पाय सोडून ओसरीवर बसायला त्यांना नक्की आवडेल.

दुसरा दिवस दूधसागरचा. सकाळी सातच्या आत कुळ्याला हजर राहा. खाजगी गाडी आत जात नाही. तिथल्या स्थानिकांच्या जीपनेच जावं लागतं, एका जीपमध्ये सात जण. दिवसाला किती जीप सोडायच्या याला मर्यादा आहे, म्हणून लवकर या असं म्हणतोय. नोंदणीची पद्धत अलीकडे बदलत राहिली आहे, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून घ्या. जीप जंगलातून, ओढ्यांच्या पाण्यातून पाऊणेक तास जाते. डिसेंबरात ओढ्याला पाणी असतं, चाकं बुडतात, मुलं आरडाओरडा करतात. उतरल्यावर पुढे गुळगुळीत दगडांवरून चालत जायचं. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे आणि ते पोहता येणाऱ्यांनीही काढू नये. धबधब्याच्या पायथ्याचा डोह वरून शांत दिसतो, पण खोल आहे, आणि तिथे माणसं बुडालेली आहेत. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाऊ बाहेर काढूच नका.

आता वडिलांचं. त्यांनी तो शेवटचा दगडांचा टप्पा करू नये असं मला वाटतं. जीपच्या धक्क्यांनीही पाठ धरते. आईंना जायचं असेल तर त्या तुमच्यासोबत, आणि वडील त्या सकाळी मुक्कामावर एखाद्या कुळागरात. कुळागर म्हणजे आमच्याकडची सुपारीची बाग: खाली पाटाचं पाणी, मधे केळी, वर पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, मधूनमधून जायफळ. तिथे खुर्ची टाकून दोन तास बसलं तरी पक्षी आपोआप समोर येतात. धबधबा बघायची त्यांना खरीच हौस असेल तर ती वेगळ्या वाटेने भागते: आगगाडीने. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. चढण 1:37, म्हणून गाडीला जोडीची इंजिनं लावतात, आणि रूळ थेट धबधब्यासमोरच्या पुलावरून जातात. वास्कोहून दुपारी निघणारी गोवा एक्सप्रेस दिवसाउजेडी हा घाट चढते. पुढच्या खेपेला परतीचा प्रवास त्या गाडीने केलात तर वडिलांना एकही पायरी न चढता 310 मीटर उंचीचं ते पाणी दिसेल. वेळापत्रक बदलतं, तेवढं तपासा. रुळांवरून चालत धबधब्यापर्यंत जायला मात्र बंदी आहे. जुने व्हिडिओ बघून तो बेत कुणी सुचवला तर ऐकू नका.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, विशेषतः मुलाच्या. मोले म्हणजे ताडोबा नव्हे. उघड्या जिप्सीतून फिरायचं, पाणवठ्यावर वाघ बघायचा, असला प्रकार इथे नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातलं राष्ट्रीय उद्यान मिळून 240 चौरस किलोमीटर, त्यात राष्ट्रीय उद्यान 107, आणि गोव्यातलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. पण रान सदाहरित, दाट, दहा पावलांपुढचं दिसत नाही. वाघ या पट्ट्यात फिरतो हे खरं. 2020 च्या जानेवारीत शेजारच्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तीन बछडे विष घालून मारले गेले, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ते फार लागलं. 2023 साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा पट्टा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण पाहुण्याला वाघ दिसेल अशी आशा कुणी दाखवली तर ती खोटी.

दिसतं ते असं. सकाळी मोले नाक्यापासून जंगलखात्याच्या वाटेवर, वनखात्याला विचारून आणि शक्यतो वाटाड्या घेऊन, अर्धा तास हळू चाला आणि मग गप्प उभे राहा. आधी काहीच नाही. मग वरून सालपटं पडायला लागतात. मान वर केली की शेकरू, तांबूस-काळं, शेपटी फांदीवरून झुंबरासारखी खाली सोडलेली, दोन्ही हातांत फळ धरून कुरतडतंय. मागच्या वर्षी माझ्या भाचीने अशी शेकरू सतरा मिनिटं बघितली, घड्याळ लावून, आणि घरी येऊन चित्र काढलं. धनेश उडाला तर पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, एखादं जुनं यंत्र चालू झाल्यासारखा. गवा संध्याकाळी रस्त्याकडेला दिसू शकतो. तो गोव्याचा राज्यप्राणी. गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका. हे रान टिकावं म्हणून इथली तरुण मुलं 2020 पासून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी यांच्याविरुद्ध उभी राहिली, आणि 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तुम्ही ज्या सावलीत उभे राहाल ती अशी राखलेली आहे. प्लास्टिकची एक बाटलीही मागे ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी पणजीकडे निघालात की फोंडा वाटेतच. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी यांतली दोनच देवळं निवडा. चारही केलीत तर दुपारपर्यंत एकही आठवणार नाही. मी असतो तर मंगेशी आणि नागेशी. मंगेशीची सातमजली दीपमाळ सगळे बघतात. नागेशीची तळी मात्र गर्दी नसताना बघण्यासारखी, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब असतं. पोर्तुगीज अमलात सासष्टी-तिसवाडीतून देव उचलून इकडे आणले (मंगेश कुठ्ठाळीहून, 1560 च्या सुमाराला), तेव्हा फोंड्याचा हा भाग त्यांच्या ताब्यात नव्हता. हे आई-वडिलांना आधी सांगा, म्हणजे संध्याकाळी जुन्या गोव्यात काय बघतोय त्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या हाती असेल.

जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिका उन्हं उतरताना बघा. 1605 साली पूर्ण झालेली ही इमारत चिऱ्याची आहे. 1950 च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा काढला, तेव्हापासून चिरा उघडा, आणि आमच्या पावसात तो झिजतो. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. खालची संगमरवरी बैठक मात्र टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेली, 1698 मध्ये बसवलेली. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा 1776 मध्ये पडला. वडील थकले असतील तर इथेच थांबा. नसतील तर टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा उभा राहिलेला अर्धा मनोरा बघा, 46 मीटरचा. त्याची घंटा आता पणजीच्या चर्चवर आहे, 1871 पासून. मुलाला मनोरा दाखवलात तर दुसऱ्या दिवशी पणजीत पायऱ्यांखाली उभं करून त्याची घंटा शोधायला लावा. शहरं अशी जोडून दाखवली की मुलांच्या लक्षात राहतात.

पणजीत फोंताइन्याश आणि मळा हा भाग सकाळी आठच्या आत, पायी. दहानंतर तिथे फोटोवाल्यांचीच गर्दी. काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं बसवलेल्या खिडक्या कुठे कुठे अजून आहेत, त्या शोधा. ही घरं राहती आहेत, आत म्हाताऱ्या बायका झोपलेल्या असतात. दारात बसून फोटो काढू नका. नाश्ता हॉटेलात न घेता बाहेर करा: पातळभाजी आणि उंडो (गोव्याचा गोल पाव), सोबत मिरची भजं. बाकी मिरामार, कॅसिनो वगैरे तुम्हाला मी सांगायला नको.

परतीला मात्र अनमोड घेऊ नका. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीखालून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, गाडीसकट. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला. तिथे सप्तकोटेश्वर, कदंबांचं दैवत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते मोडलं गेलं, आणि नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं. दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडे जीर्णोद्धार होऊन 2023 साली देऊळ पुन्हा खुलं झालं. पहिल्या दिवशी कदंबांचं रानातलं देऊळ पाहिलंत, शेवटच्या दिवशी त्यांचा देव. तिथून डिचोली, साखळी, चोर्ला घाट आणि बेळगाव.

तारखांचं शेवटी. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), 8 ला पणजीच्या चर्चचं. त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. 20 तारखेनंतर नाताळची गर्दी. 9 ते 18 च्या मधल्या सोमवार ते गुरुवारच्या रात्री पकडा, आणि दूधसागर कुठल्याही परिस्थितीत शनिवार-रविवारी ठेवू नका.