आजीची पुस्तिका करताय, तर तिची बोली सुधारू नका

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. आजी पंच्याण्णवी ओलांडून गेली, वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटायला छोटी पुस्तिका करायची आहे, पण रेशनकार्डावर जन्मसाल एक आणि मतदार ओळखपत्रावर दुसरंच, म्हणून काम थांबलंय. सहा वर्षांपूर्वी मी नेमकी इथंच अडकले होते. आमची आजी कराडची. अख्खी पेठ तिला आक्का म्हणायची.

छपाई, फोटो स्कॅन करणं वगैरे तुम्हाला जमेलच, त्यात शिरत नाही.

सालासाठी कागदांपेक्षा तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवा. आक्काला तारीख एकही ठाऊक नव्हती, पण "भूकंपात आंगणात निजायचो तवा धाकटी सव्वा महिन्याची हुती" हे ती ठामपणे सांगायची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, म्हणजे आत्या नोव्हेंबरच्या सुरुवातीची. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९६६. त्या पिढीत १ जूनचे वाढदिवस किती आहेत बघा. गुरुजींनी नाव घालताना सोयीनं लिहिलेली तारीख ती. आक्का स्वतः नवी नवरी होऊन आली ती पत्री सरकारच्या (१९४३ पासून सातारा भागात क्रांतिकारकांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या) धामधुमीत, तेव्हा ती सोळाची. त्यावरून आम्ही "जन्म अंदाजे १९२७" असं छापलं. "अंदाजे" लिहायला लाजू नका.

आता मुद्दा. ही चूक मी केली आणि ती आता भरून येणार नाही, म्हणूनच एवढं लांब लिहितेय.

शेवटच्या दोन वर्षांत मी फोनवर तिचं बोलणं साठवलं होतं. नऊ फायली, मिळून पाचेक तास. ती गेल्यावर ते सगळं ऐकून टाइप केलं, आणि टाइप करताना "नीट" केलं. पत्री सरकारच्या दिवसांबद्दल ती म्हणाली होती, "रातच्याला माणसं यायची. दिवा इझवायचा. चुलीतल्या इस्तवाच्या उजेडात हातानं चाचपून भाकरी थापल्या, सासूबाई म्हणायच्या बांगड्या वर सार, वाजत्यात." छापताना मी काय लिहिलं, तर "स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत क्रांतिकारकांना भोजन पुरवून त्यांनी मोलाचे सहकार्य केले." शोकसभेत वाचतात तसं. तेव्हा मला वाटलं, आजीला मान दिला.

पुस्तिका वाटली त्या दिवशी आक्काच्या धाकट्या जावेला, म्हणजे आमच्या चुलत आजीला, मी ते पान वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग विचारलं, "हे कुणाचं गं?" मी म्हटलं, आक्काचं. ती म्हणाली, "मग बांगड्यांचं कुठंय?"

मी घरी येऊन फायली शोधल्या. त्या नव्हत्या. टाइप झालंय, आता काय करायच्यात म्हणून फोनमधली जागा मोकळी करताना मीच पुसल्या होत्या. बांगड्यांचं वाक्य मला पाठ होतं म्हणून वर देऊ शकले. बाकीच्या पाच तासांतलं असं किती गेलं, हे आता मलाही सांगता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, काहींना पटणार नाही: तिच्या तोंडचं एक अक्षर बदलू नका. "न्हाई" असेल तर "न्हाई"च छापा. शब्द अडला तर खाली अर्थ द्या. शहरात वाढलेल्या नातवंडांना कळणार नाही म्हणतात, पण इस्तव म्हणजे विस्तव हे एकदा सांगितलं की कळतं. आणि फायली तीन जणांकडे ठेवा, आजच.

कागदांचं थोडं. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तुमच्या तालुक्यात विचारून घ्या. मृत्यूची नोंद करतानाच आजीचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच लिहिलंय ना, हे बघा. आमच्याकडे घाईत एकानं घरातलं हाकेचं नाव सांगितलं आणि वारसनोंदीला सात महिने लागले. त्यात तिचं माहेरचं नावही वेगळं, लग्नात बदललेलं. एका कार्यालयात माहेरच्या गावचा दाखला मागितला. माहेर कोयना धरणाच्या पाण्याखाली. तसं सांगितल्यावर टेबलावरचा माणूस वर न बघता म्हणाला, मग गाव जिथं वसवलं तिथून आणा. तिथं गेलो तर त्यांनी मूळ तालुक्याला जायला सांगितलं. माझ्या सत्तरीच्या वडिलांनी एसटीनं असे चार फेरे मारले. आई गेल्याचं दुःख करायला त्या माणसाला सवड मिळाली नाही, याचा राग मला अजून येतो. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर काम झालं. ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! तुम्ही आधीच करून ठेवा.

जन्माची जुनी नोंद हवीच असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागता येते. पण जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात, आणि पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढं "मुलगी", बास.

अजून एक. जुन्या फोटोंमागं कोण कोण आहे ते मऊ पेन्सिलीनं लिहून घ्या, आणि ओळखू शकणारी म्हातारी माणसं आहेत तोवर. तुमच्या पोस्टमध्ये आजीच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख आहे. पुस्तिकेचं बाजूला ठेवा, या रविवारी त्यांच्याकडे जा. साल विचारू नका, चुलीवर काय शिजायचं ते विचारा.

माझ्याकडे आक्काची आता एकच फाईल आहे, चार मिनिटांची, आत्याला पाठवली होती म्हणून वाचली. पावट्याची आमटी कशी करायची ते सांगतेय. मधेच दाराशी कुणीतरी येतं, आणि ती आमटी सोडून म्हणते, "ये गं, बस. जेवलीस का?"