वाचू काय? : मोटिव्हेशनची पुस्तकं पुरे झाली, आता खरं काही सांगा

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, अकाउंट्स बघते. श्रीमंत कसं व्हायचं टाइपची पुस्तकं भरपूर वाचली, सगळी सारखीच वाटायला लागली. धंदा, अर्थकारण आणि आपला समाज हे एकत्र कळेल असं मराठीत काय आहे? इंग्रजी जड जातं.

उत्तर : ताई, इंग्रजीचं टेन्शन सोडा, मराठीत खूप आहे. आणि माझं ऐकाल तर सुरुवात नव्या पुस्तकापासून करूच नका, जुन्यापासून करा, ज्यांनी पैसा कुठून कुठे जातो ते गावात उभं राहून बघितलं त्यांच्यापासून.

पहिलं त्रिं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ सालचं. आत्रे महसूल खात्यात होते, त्यामुळे सगळं जवळून बघितलेलं. भाषा जुनी आहे, पहिली वीसेक पानं रेटावी लागतात, पण कारू-नारूंचं, म्हणजे गावच्या बलुतेदार-अलुतेदारांचं, प्रकरण आलं की पुस्तक खाली ठेववत नाही. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांनी वर्षभर राबायचं आणि मोबदला खळ्यावर धान्यात घ्यायचा, त्यात कुणाचा वाटा किती, कोण आधी उचलणार आणि कुणाला शेवटी उरलेलं मिळणार. मी हे ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून वाचलं (१८९३ पासूनची लायब्ररी आहे, तुम्हाला ऑफिसातून येताना सहज जमेल), त्या प्रतीत समासात कुणीतरी पेन्सिलीने पायली-शेराचे हिशेब मांडले होते, एक बेरीज खोडून परत केलेली. घरी आलो आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन, झाडूवाली, इस्त्रीवाला यांचे पैसे कोण ठरवतं हे पहिल्यांदा मनात आलं, इतकी वर्षं कधी आलं नव्हतं.

दुसरं महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड', १८८३. 'विद्येविना मती गेली' सगळ्यांना पाठ असतं पण ते ह्या पुस्तकाच्या सुरुवातीचं आहे आणि पुढचं पुस्तक फार थोडे लोक वाचतात याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही अकाउंट्सवाल्या, म्हणून सांगतो, त्या ओळींत वित्त कितव्या नंबरला येतं बघा. विद्या, मती, नीती, गती आणि मग वित्त. पैसा जातो तो आधीचं सगळं गेल्यावर, हे फुल्यांनी इतक्या थोड्या शब्दांत मांडलं. शेतकरी कर्जात कसा रुततो, कचेरीत त्याला कोण कसं नाडतं, सगळं पुढे आहे. पुस्तक छोटं आहे, ट्रेनमध्येसुद्धा होईल.

महागाई, व्याजदर, मंदी असे शब्द अडले की अच्युत गोडबोल्यांचं 'अर्थात' जवळ असू द्या. पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही, हवं ते प्रकरण उघडायचं.

आणि धंद्यासाठी गिरीश कुबेरांचं 'टाटायन'. टाटांच्या उद्योगांची गोष्ट आहे. जमशेटजी टाटा १९०४ ला गेले, पोलादाची कंपनी १९०७ ला उभी राहिली, म्हणजे ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते त्यांना बघायलाच मिळालं नाही, आणि जमशेदपूरला पहिलं पोलाद निघायला १९१२ उजाडलं. सहा महिन्यांत पैसे डबल सांगणाऱ्या पुस्तकांनंतर हे वाचाच. फक्त जाड आहे, ऐरोली ते ठाणे उभ्याने नाही जमणार, रविवारसाठी ठेवा.