रीइन्स्टॉलच्या स्क्रिप्टबद्दल थोडं

प्रिय,

सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला तू लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, रात्री वाचली आणि सहाव्या ओळीशी अडकले. तिथे तू जुना इन्स्टॉलचा फोल्डर आरएम -आरएफने, म्हणजे न विचारता सगळं पुसणाऱ्या कमांडने, उडवला आहेस. बॅकअपची ओळ तिच्या वर आहे, हे मान्य. पण बॅकअप फसला तर? शेल, म्हणजे या कमांड चालवणारा प्रोग्राम, आपल्यासाठी थांबत नाही. एक कमांड कोसळली की तो निमूटपणे खालची उचलतो, आणि तुझी खालची ओळ पुसण्याची आहे.

त्यातही बॅकअप घेताना तू पीजी-डंपचं (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट पाइपने, म्हणजे थेट पुढच्या कमांडकडे सोपवत, फाइल लहान करणाऱ्या जीझिपला दिलं आहेस. पाइपलाइन यशस्वी झाली की नाही, हे शेल फक्त शेवटच्या कमांडवरून ठरवतो. पासवर्ड चुकला म्हणून डंप पहिल्याच क्षणी मेला, तरी जीझिप रिकाम्या इनपुटची २० बाइटची सुबक फाइल बनवतो आणि सगळं ठीक असल्याचं कळवतो. अशा २० बाइटच्या फायली मी स्वतः दोन महिने जमवल्या आहेत. रोज रात्री, न चुकता, तारखेसकट.

म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ईयूओ पाइपफेल लिही. मग कमांड फसली, व्हेरिएबल ठरवलेलंच नसलं किंवा पाइपमधला कुठलाही दुवा तुटला, तर शेल थांबेल. मात्र त्यावर पूर्ण विसंबू नकोस. इफच्या अटीत चाललेल्या कमांडला ही थांबण्याची शिस्त लागू होत नाही. आणि व्हेरिएबल ठरवलंय पण रिकामं आहे, हे त्या 'यू'ला कळत नाही. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टबद्दल हीच तक्रार आली होती: फोल्डरचा पत्ता शोधणारी ओळ फसली, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि पुसण्याच्या कमांडमध्ये उरला नुसता स्लॅश आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळं. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने 'हे भीतिदायक आहे' अशा अर्थाची कॉमेंटही टाकून ठेवली होती! यावर साधा उपाय आहे. व्हेरिएबल महिरपी कंसात लिही आणि नावानंतर कोलन व प्रश्नचिन्ह टाक. ते रिकामं असलं तरी शेल तिथेच थांबतो. शेलचेक या स्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या प्रोग्राममधून ती एकदा काढलीस तर अशा ओळी तो स्वतःच दाखवतो.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. रीइन्स्टॉलच्या स्क्रिप्टला काही पुसायची गरजच काय? सर्व्हिस बंद कर आणि जुन्या फोल्डरच्या नावाला एमव्ही या नाव बदलणाऱ्या कमांडने तारीख जोड. एकाच फाइलसिस्टिमवर फोल्डर ५०० जीबीचा असला तरी हे क्षणात होतं, कारण फक्त नाव बदलतं. नवं इन्स्टॉल बिघडलं तर नाव पुन्हा पहिल्यासारखं कर. एक अडचण मात्र राहते: नव्या आवृत्तीने सुरू होताच डेटाबेसचं मायग्रेशन चालवलं, म्हणजे टेबलांची रचना बदलली असेल, तर जुन्या प्रोग्रामला ती टेबलं ओळखू येणार नाहीत. म्हणून जुना फोल्डर आणि त्याच वेळचा डंप ही जोडी आहे, ती फोडू नकोस. आणि आत्ता आहे तीच आवृत्ती पुन्हा बसव; अपग्रेड दुसऱ्या दिवशी. डॉकरच्या इमेजपुढे (ज्यातून प्रोग्राम बंद डब्यात चालतो तो तयार साचा) 'लेटेस्ट' लिहिलंस तर पोस्टग्रेस १५ च्या जागी त्याहून नवी आवृत्ती येऊन बसेल आणि १५ चा डेटा फोल्डर उघडायला साफ नकार देईल.

डॉकरवरून आठवलं. कंपोज डाउन या सगळं बंद करणाऱ्या कमांडपुढे तू -व्ही लावलं आहेस. सविस्तर आउटपुट मिळेल असं वाटलं असावं. तिथे त्याचा अर्थ व्हॉल्यूम, म्हणजे डॉकरने डेटा ठेवलेली जागासुद्धा काढून टाक, असा होतो. तुझा डेटाबेस त्यातच आहे.

किल्ल्या आणि सेटिंग ठेवणारी .ईएनव्ही फाइल तर बॅकअपमध्ये दिसतच नाही. बरीच सॉफ्टवेअर साठवलेले पासवर्ड आणि टोकन त्यातल्या किल्लीने एन्क्रिप्ट करतात. नव्या इन्स्टॉलने नवी किल्ली बनवली, तर डेटाबेस जसाच्या तसा परत येऊनही ती टोकन कुणालाच उघडता येत नाहीत.

बॅकअप झाला की तो दुसऱ्या मशीनवर चढवून लॉगिन करून बघ. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनियरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीतून साडेचार उरले. मग कळलं की रोजचे डंप जुन्या आवृत्तीच्या पीजी-डंपमुळे फसत होते आणि तशी सूचना देणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. कामी आला तो सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत. हे सगळं त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. त्यातून मी एक सवय उचलली: स्क्रिप्टने आधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, तपासायचं, आणि ते अपेक्षित नसेल तर बाहेर पडायचं.

आणि हो, स्क्रिप्ट टीमक्सच्या आत चालव; कनेक्शन गेलं तरी तो काम चालू ठेवतो. मधेच एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी जोडणारं कनेक्शन, तुटलं तर स्क्रिप्ट अर्ध्यावर मरायला नको.

हे खरं तर आधी विचारायला हवं होतं: रीइन्स्टॉल करायचंच कशाला? 'पेज उघडत नाही' एवढंच लिहिलं आहेस. डिस्क भरली की पोस्टग्रेस असाच आडवा होतो, आणि नव्या इन्स्टॉलने डिस्क काही रिकामी होत नाही. डिस्कवर किती जागा उरली हे सांगणाऱ्या डीएफचं आउटपुट आणि लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी पाठव. दुरुस्त केलेली स्क्रिप्टही पाठव, पण तिसऱ्या ओळीतला डेटाबेसचा पासवर्ड काढून. या वेळी तो तसाच आला होता. तो आजच बदल.