चिपाडातला रस

प्रश्न : काका, माझ्याकडं ओएनजीसी या तेल काढणाऱ्या कंपनीचे थोडे शेअर आहेत. समुद्र आपला, कंपनी सरकारी, तरी देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. आणि तेल महागलं तरी आपला शेअर काही तसा उडत नाही. घोडं कुठं पेंड खातंय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन ठिकाणी खातंय. समुद्रातही आणि दिल्लीतही.

आधी समुद्राचं बघू. मुंबई हायवर, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या ओएनजीसीच्या तेलक्षेत्रावर, मी एका ठेकेदाराकडं फिटर होतो. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. तिथं विहिरीतल्या तेलाचा नमुना काचेच्या नळीत घालून यंत्रात गरगर फिरवतात. यंत्र थांबलं की वर काळपट तेल, खाली पाणी. त्या पाण्याची रेघ वर्षागणिक वर चढलेली मी बघितलीय.

हे क्षेत्र सापडलं १९७४ साली, तेल निघू लागलं १९७६ पासून. सुरुवातीला तेल आपल्याच दाबानं वर येतं. दाब उतरला की दुसऱ्या विहिरींतून पाणी खाली सोडून तेल ढकलावं लागतं, आणि पुढं तेच पाणी तेलाबरोबर वर येतं. आमच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळात चिपाड पुन्हा चरकात घाला, डिझेल तेवढंच जळतं, रस मात्र वाटीभर!

तेवढा रस काढायलाही नव्या विहिरी लागतात, गंजलेल्या पाइपलाइनी बदलाव्या लागतात. सगळा पैशाचा खेळ. आणि मालकाचा, म्हणजे सरकारचा, हात कायम कंपनीच्या खिशात. डिझेल, रॉकेल, गॅस स्वस्त ठेवायचा म्हणून कितीतरी वर्षं तिला कच्चं तेल सवलतीत द्यावं लागलं. २०१८ मध्ये सरकारचा एचपीसीएल या पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या कंपनीतला हिस्सा तिनंच ३६,९१५ कोटींना घेतला, त्यासाठी कर्ज काढलं. जुलै २०२२ मध्ये भाव चढले तर जादा नफ्यावर कर बसला, तो डिसेंबर २०२४ मध्ये उठला. चढत्या भावातली मलई अशी वरच्यावर गेली. (लाभांश तुम्हालाही मिळाला असेलच म्हणा.)

पण सगळं दिल्लीवर ढकलू नका. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातलं तेल ठरल्यापेक्षा वर्षानुवर्षं उशिरा, जानेवारी २०२४ मध्ये निघालं. मुंबई हायसाठी आता बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची तांत्रिक मदत घेतलीय. ती आधीच घ्यायला हवी होती, असं माझं मत.

तिमाही निकाल लागला की नफा मागाहून बघा, आधी तेल किती निघालं तो आकडा वाचा. शेअर विकू की ठेवू, हे मात्र मला विचारू नका. मी गुळाच्या सौद्यात दोनदा बुडालेला माणूस.