फ्लाइट डेकच्या खाली

पोरी, अनेक आशीर्वाद.

अग्निवीर म्हणून नौदलात तुझी निवड झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. विमानवाहू जहाजावर फ्लाइट डेकचंच, म्हणजे विमानं जिथून उडतात त्या वरच्या डेकवरचंच काम मिळावं म्हणून काय करू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर खालचं, इंजिनाकडचं काम मिळालं तर आनंदानं घे.

मी ज्या विमानवाहू जहाजावर होतो, ती जुनी विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. पुढं 2012 पर्यंत काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा घरच्यांना घेऊन पाहायला गेलो. माणसं हँगरमधल्या विमानांपाशी फोटो काढत होती, डेकवर हिंडत होती. मी मात्र खाली जाणारा हॅच, म्हणजे डेकमधलं झाकणाचं दार शोधत होतो. माझी नोकरी तिथं खाली गेली. वाफ करणारे चार बॉयलर, जहाजाचे पंखे फिरवणारे दोन शाफ्ट, 40,000 अश्वशक्ती.

रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे पाळी, सगळ्यात जड. लोखंडाचा चटका बसायचा, म्हणून फडकं गुंडाळून व्हॉल्व्ह फिरवायचा. आवाज एवढा की सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. अलिझे विमान उडणार असलं की जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळायचं, वेग वाढवायचा हुकूम यायचा आणि वर कॅटपल्टला, म्हणजे विमानाला डेकवरून जोरानं पुढं फेकणाऱ्या यंत्राला वाफ लागायची. विमान आम्हाला दिसत नसे. धक्का जाणवला की समजायचं, गेलं.

ती वाफ परत येत नसे. दर उड्डाणाला तेवढं गोडं पाणी हवेत जाई, आणि बॉयलरला तर समुद्राचं पाणी चालतच नाही. खारं पाणी तापवून, त्याची वाफ थंड करून गोडं पाणी करायचं. त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, आमची आंघोळ शेवटी. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मला तिथं कळलं. उन्हाळ्यात टँकरमागं गुंड-कळशी घेऊन धावलेल्या तुला पाणी जपायला कोणी शिकवायची गरज नाही. ही तुझी जमेची बाजू आहे, तिला कमी लेखू नकोस.

1971 च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. त्यामुळं वेगावर मर्यादा. बंगालच्या उपसागरात वारा पडला की विमान उडवणं आणखी अवघड. तरी 4 डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली. मी तेव्हा नौदलात नव्हतो, पण आमच्या सीनिअरनी ही हकिगत मला बॉयलरपाशी उभं करून सांगितली. वैमानिकांचा मान मोठाच आहे. पण त्या बॉयलरवर वॉच केलेल्या पोरांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

2 सप्टेंबर 2022 ला दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. कॅटपल्टही नाही, पुढं उचललेल्या डेकवरून विमान झेपावतं. काम बदललं, पण खालच्या माणसांवाचून वर काही हलत नाही.

जुनी विक्रांत आता पाहता येणार नाही, 2014 मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडी मात्र आहे. जमलं तर बघून ये. आत शिरल्यावर पाइप कुठून कुठं जातात ते पाहा, झोपायच्या जागा पाहा. जहाजावर गेल्यावरही पहिल्या आठवड्यात दिवे गेले तरी आपल्या मेसपासून, म्हणजे राहायच्या जागेपासून वर डेकपर्यंत हातानं चाचपत जाता येईल, इतकी वाट पाठ कर. समुद्र लागला तर पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडी पोळी खा.

ओडिशात नौदलाच्या चिल्का केंद्रावर ट्रेनिंगला जायच्या आधी पोहणं मात्र शिकून घे. आपल्याकडं पोरं विहिरीत उड्या मारून शिकतात, पोरींना कोणी उतरू देत नाही. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहे. माझी बहीण तिथंच राहते, तिच्याकडं तुझी सोय होईल. तुझ्या घरी बापूरावांशी मी बोलतो. तुला न पाठवायला कापूस वेचणीचं निमित्त ते काढतील, तर तुझ्या वाट्याच्या ओळी वेचायला मी येईन म्हणून सांग.