चिंगसपर्यंतचे एकवीस तास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इंजिनिअर्स मिळाली म्हणून तू खट्टू झालास. लढतात ते पायदळ आणि रणगाडे, सॅपर म्हणजे इंजिनिअर्समधला जवान मागे राहून रस्ते बांधतो, असं तुला वाटतं. रुजू होण्यापूर्वी एक काम कर. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र काढ, त्यातली विशेषणं बाजूला ठेव आणि नुसत्या वेळा कागदावर उतरवून घे. इतका घड्याळाचा हिशेब फार थोड्या मानपत्रांत सापडतो.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. जन्म २६ जून १९१८, वडील पोलीस शिपाई. जुलै १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, हवालदार झाले. कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला. म्हणजे एप्रिल १९४८ मध्ये अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते, पण सॅपरचं काम हातात सात वर्षं मुरलं होतं. तू उलट्या वाटेने येतो आहेस: खांद्यावर तारा आधी, हाताला सवय नंतर. तेव्हा पहिली दोन वर्षं हवालदाराच्या शेजारी गुडघे टेकून शीक, त्यात कमीपणा मानू नकोस.

आता मैदान समजून घे. जम्मू-काश्मीरच्या लढाईत मार्च १९४८ मध्ये आपल्या सैन्याने झांगड परत घेतलं आणि पुढे राजौरी गाठायची होती. नौशेऱ्याहून चिंगसवरून राजौरीला जाणारा रस्ता डोंगराला वळसे घालत जातो. अशा रस्त्यावर सुरुंगाने पट्टा तुटलेला एक रणगाडा पुरतो. त्याला बगल द्यायला जागा नसते, मागचा सगळा ताफा अडकतो आणि टेकडीवरच्या मशीनगनला आयतं लक्ष्य मिळतं. म्हणून रणगाड्याच्या पुढे सॅपर जातो, आणि तोही बिनचिलखताचा.

सुरुंग काढणं म्हणजे काय, तेही इथेच सांगतो. आधी मोकळ्या हाताने गवतातून हळूच चाचपायचं, कुठे तार ताणलेली आहे का ते बघायचं. मग संगीन किंवा प्रॉडर (टोकदार सळई) जमिनीशी साधारण ३० अंशांच्या कोनात, दर दोन-तीन बोटांवर, बेताने खुपसायचा. उभा खुपसलास तर टोक वरच्या दाबपट्टीवर जातं. तिरकं धरलं की ते सुरुंगाच्या कुशीला लागतं. टणक लागलं की थांबायचं, बाजूची माती बोटांनी काढायची. सापडलेला सुरुंग लगेच उचलायचा नाही. त्याच्या खाली दुसरा सापळा असू शकतो. म्हणून दोर बांधून आडोशाहून ओढायचा, नाहीतर जागच्या जागी उडवायचा. सुरुंग शोधणाऱ्या यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नकोस: तोफगोळ्यांच्या किरचा पसरलेल्या जमिनीत ते सारखं वाजत राहतं, आणि लाकडी पेटीच्या सुरुंगाजवळ गप्प बसू शकतं. हे सगळं मन शांत असताना जमतं. खरी अडचण वेगाची आहे. हात घाईत आला की चुकतो, आणि गोळीबारात हात घाईतच येतो.

८ एप्रिल, सकाळी ११. नदपूर साउथजवळ राणे यांची सुरुंग काढणारी तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करायच्या बेतात असताना उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान गेले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. त्यांनी उरलेल्यांची नव्याने वाटणी केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची डोंगरधार हाती आली. शत्रू पुरता हटलेला नव्हता, तरी ते तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री १० पर्यंत काम चाललं. ९ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात, दुपारी ३ ला वळणरस्ता तयार.

त्यानंतर सगळ्यांत पुढच्या कॅरियरमध्ये (पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या लष्करी गाडीत) ते स्वतः बसले. अर्ध्या मैलावर चीडची झाडं पाडून रस्ता अडवलेला. ती स्फोटकांनी उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, तिला बगल देऊन वाट. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठी झाडं आडवी सापडली, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. राणे सुरुंग काढायला लागले होते, पण रणगाड्यांच्या ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून ताफा मुक्कामाला नेला. माझ्या मते हा निर्णय अगदी बरोबर होता. अंधारात हाताला लागलेली तार डोळ्यांना दिसत नाही. पहाटे पावणेपाचला, रणगाड्यांच्या एका ट्रूपच्या (छोट्या तुकडीच्या) आधाराने, तेच काम पुन्हा हाती घेतलं आणि साडेसहाला अडथळा मोकळा झाला. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे आणि उडवलेले भराव. ते साडेदहापर्यंत साफ झाले.

पुढचा भाग दोनदा वाच. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि १० तारखेला दुपारी २ ला चिंगसला पोचले. बघणाऱ्याच्या लेखी काम फत्ते. पण रणगाड्याचा पट्टा जिथून जातो तिथून ट्रकचं चाक जात नाही. वाळू-गोट्यांत ते रुततं. पेट्रोल, दारूगोळा, शिधा, जखमींना परत आणणारी गाडी, सगळं रस्त्यानेच येणार. रस्ता बंद राहिला तर चिंगसला उभे असलेले रणगाडे दोन दिवसांत लोखंडाचे ढिगारे झाले असते. हे ओळखून राणे मागेच रस्त्यावर राहिले आणि जखम अंगावर घेऊन, अन्न-विश्रांतीशिवाय रात्री ९ पर्यंत राबले. ११ ला सकाळी ६ ला पुन्हा हजर. रस्ता चिंगसपर्यंत उघडला तो सकाळी ११ वाजता, म्हणजे रणगाडे पोचल्यावर एकवीस तासांनी. ताफा पुढे निघून गेल्यावरच्या या तासांसाठी मला राणे यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो.

१९४७-४८ च्या लढाईतल्या पाच परमवीरांपैकी तिघांना हा मान मरणोत्तर मिळाला; लान्स नाईक करम सिंग आणि राणे हे दोघे जिवंत राहिले. राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. खडकीला, बॉम्बे इंजिनिअर्सच्या केंद्रात गेलास की त्यांच्याबद्दल जुन्या सुभेदारांना विचार. ते तुला पदकाआधी फावडं दाखवतील.

नकाशा घे आणि वेळांचा कागद त्यावर ठेव. शेवटची वेळ ११ एप्रिल, रात्री १०: चिंगसच्या पुढचा रस्ता साफ करणं चालू. १२ ला सैन्य राजौरीत पोचलं.